तापलेल्या धातूची खपली

आमच्या वऱ्हाडात 'गंज' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. स्वयंपाकघरात गंज म्हणजे वरण शिजवायचे, दूध तापवायचे उभट भांडे. अंगणात गंज म्हणजे पावसाळ्यात विळ्या-कुऱ्हाडीवर चढणारा तांबडा मळ. त्यातच ॲल्युमिनियमच्या भांड्याला जुनी माणसे 'जर्मनचे भांडे' म्हणतात. त्यामुळे 'जर्मनच्या गंजाला गंज लागत नाही' हे वाक्य दर्यापूरच्या बाजारात कुणालाही सहज कळते. पुण्या-मुंबईचा पाहुणा मात्र क्षणभर थबकतो.

श्रोतेहो, या वाक्यातला गमतीचा भाग सोडला तर त्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जर्मनच्या गंजाला गंज का लागत नाही? हवेतला ऑक्सिजन, म्हणजे प्राणवायू, ॲल्युमिनियमला आवडत नाही असे कुणाला वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक आहे. भांडे घासून चकचकीत केले की त्याच क्षणी त्यावर ऑक्साइडचा एक थर धरतो. तो इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसत नाही. पण तो सलग असतो, घट्ट चिकटलेला असतो आणि ऑक्सिजनला आत जाऊ देत नाही. ओरखडा पडला तर पुन्हा धरतो. जखमेवर खपली धरावी, तसा. लोखंडाचा गंजही खपलीच आहे, पण ती भुसभुशीत, भेगाळ आणि सुटून पडणारी. खाली नवे लोखंड उघडे पडते आणि तेही खाल्ले जाते.

मी दर्यापूरचा आणि नोकरीभर विज्ञान शिकवलेला माणूस. धातू टिकतो तो केवळ त्याच्या ताकदीवर नव्हे, तर त्याच्या खपलीवर, ही गोष्ट मला विज्ञानाच्या इतिहासातली फार मोलाची वाटते. थंड हवेत ही गोष्ट साधी दिसते. धातू लालबुंद तापला की तिचे रूप बदलते. आगगाडीपासून विमानापर्यंत जी जी यंत्रे आगीवर चालतात, त्यांचा इतिहास म्हणजे चांगल्या खपलीचा शोध आहे. तो शोध आज 'टायटॅनियम ॲल्युमिनाइड' नावाच्या एका धातूपर्यंत येऊन पोहोचला आहे. त्या धातूची कथा मला आपल्या मुलखाच्या वाटेने सांगायची आहे.

सुरुवात लोहारापासून करू. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्याचे काम अनेकांनी पाहिले असेल. गोवऱ्यांच्या वर्तुळात धाव लाल होईपर्यंत तापवायची, सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि चाक आवळले जाते. या वेळी धावेवरून काळ्या पापुद्र्यांचा सडा पडतो. ऐरणीभोवतीही तसेच पापुद्रे साचलेले असतात. ते पापुद्रे म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचे संयुग. दर वेळी तापवताना लोखंडाचा एक पदर असा कायमचा जातो. लोहाराला हे ठाऊक असते. म्हणून लोखंड उगाच भट्टीत ठेवायचे नाही आणि दोन तुकडे जोडताना मध्ये टाकणखार टाकायचा, म्हणजे ही काळी खपली विरघळून निघते आणि धातूला धातू भिडतो.

दुसरा जाणकार कल्हईवाला. तांब्या-पितळेचे भांडे तो भट्टीवर तापवी, त्यात नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर निघे, कथलाची कांडी भांड्याला टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील सर्वत्र फिरवी. भांडे चांदीसारखे होई. नवसागर तापला की त्यातून क्लोरिनचे एक तीव्र आम्ल सुटते आणि ते तांब्यावरचा काळा थर काढून टाकते. स्वच्छ तांब्यावरच कथील धरते. म्हणजे कल्हई ही धातूला दिलेली उसनी खपली. ती चांगली असते, पण झिजते आणि पुन्हा करावी लागते. ॲल्युमिनियमची खपली त्याची स्वतःची असते. ती झिजली तरी आपोआप भरून येते. उसनी खपली आणि स्वतःची खपली हा भेद लक्षात ठेवावा. कल्हईवाल्याचा नवसागरही लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

आता आगगाडीकडे वळू. दर्यापूर-बनोसाच्या माणसाला आगगाडी म्हटले की शकुंतलाच आठवते. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला जाणारी ही अरुंद मार्गाची गाडी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने उभारली. उद्देश एकच, वऱ्हाडचा कापूस. तो मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, मुंबईला जायचा आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे. या गाडीला ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरमध्येच १९२१ साली बांधलेले. ते १९२३ साली इथे कामाला लागले आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ धावले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते उतरवून डिझेल इंजिन लावण्यात आले. गेली काही वर्षे तीही गाडी थांबलेली आहे.

सत्तर वर्षे रोज आग पोटात घेऊन ते इंजिन जळून कसे गेले नाही? याचे उत्तर पाण्यात आहे. बॉयलरचा पत्रा एका बाजूने ज्वाळेला आणि दुसऱ्या बाजूने पाण्याला टेकलेला असतो. पाणी उष्णता सतत उचलून घेते, त्यामुळे आग लालभडक असली तरी पत्रा तेवढा तापत नाही. चुलीवरचे पाणी भरलेले भांडे जळत नाही, रिकामे जळते, तसेच हे. म्हणूनच अशा इंजिनांच्या अग्निपेटीच्या छतात शिसे भरलेला एक बूच बसवत. पाणी खाली गेले की शिसे वितळे, वाफ आगीवर सुटे आणि चालकाला धोका कळे. ज्या भागांना पाण्याचा आधार नसे, म्हणजे कोळसा ज्यावर जळे त्या बिडाच्या सळ्या, त्या मात्र पापुद्रे सोडत, वाकत आणि बदलाव्या लागत. पाण्यावाचून आगीत उभे राहण्याची कला लोखंडाला अवगत नव्हती.

योगायोग असा की ज्या १९२३ साली हे इंजिन वऱ्हाडात धावू लागले, त्याच साली पिलिंग आणि बेडवर्थ या दोन संशोधकांनी तापलेल्या धातूंच्या ऑक्सिडीकरणावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न आपल्या लोहाराचाच होता: पापुद्रा कधी टिकतो आणि कधी गळतो? त्यांनी एक सोपा हिशेब मांडला. जेवढा धातू खर्ची पडला त्याच्या आकारमानाच्या तुलनेत तयार झालेल्या ऑक्साइडचे आकारमान किती? हा आकडा एकापेक्षा कमी असेल तर खपली अंगाला पुरत नाही. आखूड चादरीसारखी कुठे ना कुठे उघडे राहतेच. मॅग्नेशियमचा आकडा ०.८ च्या आसपास आहे, म्हणून ते भडकून जळते. ॲल्युमिनियमचा सुमारे १.३, म्हणजे चादर अंगभर पुरते आणि फार सैलही होत नाही. लोखंडाच्या ऑक्साइडांचा आकडा पावणेदोनपासून दोनच्या वर जातो. चादर इतकी फुगते की तिला घड्या पडतात, ती फाटते आणि सुटते.

हा हिशेब उपयोगी होता, पण अपुरा होता. खपली अंगभर आहे की नाही हे त्यातून कळे. ती किती वेगाने वाढेल हे कळत नसे. त्याआधी १९२० साली जर्मन शास्त्रज्ञ टामान यांनी एक नियम दाखवला होता. घट्ट खपली जसजशी जाड होते तसतशी तिची वाढ मंदावते. एका तासात जेवढी जाडी भरते, तिच्या दुप्पट व्हायला चार तास लागतात, तिप्पट व्हायला नऊ आणि दहापट व्हायला शंभर तास. कारण सरळ आहे. धातू आणि ऑक्सिजन यांना एकमेकांपर्यंत पोहोचायला ही खपलीच ओलांडावी लागते. वाट लांबली की भेटी कमी होतात. १९३३ साली कार्ल व्हाग्नर यांनी या वाटेचा गणिती उलगडा केला. ऑक्साइडाच्या स्फटिकात काही जागा रिकाम्या राहतात आणि अणू या रिकाम्या जागांतून एकेक पाऊल सरकत जातात. लोखंडाच्या ऑक्साइडात अशा रिकाम्या जागा पुष्कळ, म्हणून त्यातली ये-जा वेगाने होते. ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडात त्या फारच थोड्या. हजार अंशांच्या आसपास लोखंडाची खपली ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडाच्या खपलीपेक्षा हजारो पटींनी वेगाने वाढते.

हे सारे प्रयोगशाळेपुरते नव्हते. विजेच्या शेगडीतली वेटोळेदार तार आठवा. रोज लाल होते, उघड्या हवेत, पाण्याच्या आधाराशिवाय, तरी वर्षानुवर्षे टिकते. ती निकेल आणि क्रोमियमची असते. अल्बर्ट मार्श या अमेरिकी माणसाने १९०६ साली तिचे पेटंट घेतले. तापल्यावर त्या तारेवर क्रोमियमच्या ऑक्साइडाची घट्ट खपली धरते आणि तीच तिला राखते. लोखंडाची तार तिथे लावली तर थोड्याच दिवसांत पापुद्रे होऊन तुटेल.

हीच युक्ती पुढे विमानाला उपयोगी पडली. १२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडमधील रग्बी येथे फ्रँक व्हिटल यांनी आपले जेट इंजिन पहिल्यांदा चालवले. जेट इंजिनात हवा दाबली जाते, तीत इंधन जळते आणि तापलेला वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळून ती फिरवतो. बॉयलरच्या पत्र्यामागे पाणी असते, तसे या पात्यांमागे काही नाही. पाते लाल तापलेले, मिनिटाला हजारो फेऱ्या घेणारे आणि चहूबाजूंनी ऑक्सिजनने वेढलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये मार्शच्या तारेचाच वंश वाढवून निकेल-क्रोमियमचे मिश्रधातू तयार झाले आणि ते या पात्यांना लागले. तेव्हापासून निकेल हा जेट इंजिनाच्या तप्त भागाचा राजा आहे.

राजाला एक दोष होता. तो जड होता. निकेलचे हे मिश्रधातू पाण्यापेक्षा आठपटींहून जड. पाते फिरताना बाहेर झेपावू पाहते आणि ज्या चक्रात ते बसवलेले असते त्याला ओढते. पाते जड तर चक्र जाड, चक्र जाड तर दांडा जाड, आणि हे सारे वजन आकाशात उचलायचे म्हणजे इंधन आले. टोकाच्या पात्यात एक ग्रॅम वाचला तर मागच्या सगळ्या साखळीत वजन वाचते. म्हणून हलका आणि तरीही आगीत टिकणारा धातू हवा होता. सगळ्यांच्या नजरा टायटॅनियमकडे वळल्या.

टायटॅनियम आपल्याला परका नाही, हे इथे सांगितले पाहिजे. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर या धर्मगुरूंना ओढ्यातल्या काळ्या वाळूत हे मूलद्रव्य सापडले. चार वर्षांनी जर्मनीच्या क्लापरोट यांनी त्याला टायटॅनियम हे नाव दिले. तशीच काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे. तिच्यातल्या खनिजाला इल्मेनाइट म्हणतात. आणि आपली वऱ्हाडची काळी माती? ती दख्खनच्या बेसाल्ट खडकातून आली. या खडकात टायटॅनियमचे ऑक्साइड दोन टक्क्यांच्या आसपास असते. पूर्णेच्या खोऱ्यातली, आपल्या खारपाणपट्ट्यातली ही जी काळी, पायाला चिकटणारी जमीन आहे, तिच्या काळेपणाचे श्रेय जुन्या भूशास्त्रज्ञांनी इतर कारणांबरोबर टायटॅनियमयुक्त लोहखनिजालाही दिले आहे. अर्थात मातीत टायटॅनियम आहे म्हणून उद्या कुणी शेत खणून कारखाना काढील असे नाही. ते इतके विखुरलेले आहे की काढणे परवडणार नाही. पण ज्या धातूविषयी आपण बोलत आहोत, तो रोज आपल्या पायाखाली असतो, हे खरे.

हा धातू शुद्ध करणे महाकठीण होते, कारण तो ऑक्सिजनला सोडतच नाही. १९१० साली हंटर यांनी तो प्रथम शुद्ध स्वरूपात मिळवला आणि पुढे लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी तो मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत शोधली. आजही जगातले बहुतेक टायटॅनियम क्रोल यांच्याच रीतीने निघते. वजनाला पोलादाच्या निम्म्याहून थोडे अधिक आणि ताकदीला त्याच्या तोडीचे. पण तापले की ऑक्सिजनची ही ओढच त्याचा घात करते. साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांच्या पुढे त्याची खपली ऑक्सिजनला अडवू शकत नाही. हा ऑक्सिजन धातूत मुरतो आणि वरचा पदर काचेसारखा ठिसूळ करून टाकतो. लोखंडाची खपली गळते. टायटॅनियमचे दुखणे आत शिरते.

मग विचार आला की टायटॅनियमला ॲल्युमिनियमचीच खपली का मिळू नये? दोघांचे अणू जवळपास निम्मे-निम्मे घेतले तर एक वेगळाच पदार्थ तयार होतो. तोच टायटॅनियम ॲल्युमिनाइड. यात अणू अस्ताव्यस्त नसतात. एक थर टायटॅनियमचा, एक ॲल्युमिनियमचा, अशी त्यांची रांग ठरलेली असते. त्यामुळे तापल्यावरही त्याची ताकद टिकते आणि वजन पाण्याच्या सुमारे चौपट, म्हणजे निकेलच्या निम्मे राहते. १९५६ साली अमेरिकेत मॅकअँड्र्यू आणि केसलर यांनी तप्त कामांसाठी हा पाया सुचवला. पण तो प्रत्यक्ष इंजिनात जाऊन प्रवासी घेऊन उडायला पुढे अर्धे शतक लागले.

या विलंबाची कारणे दोन. पहिले म्हणजे ठिसूळपणा. शिस्तीत बसलेले अणू एकमेकांवरून सरकत नाहीत, म्हणून थंड असताना हा धातू वाकण्याऐवजी चिनी मातीच्या बशीसारखा तडकतो. दुसरे कारण खपलीचे, आणि आपल्या कथेचा गाभा तेच आहे. निम्मे अणू ॲल्युमिनियमचे असल्यामुळे वर छान ॲल्युमिनियम ऑक्साइड धरेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्सिजनची ओढ जवळपास सारखीच निघाली. एका ताटावर दोन भुकेले बसावेत तसे दोघेही ऑक्सिजनवर तुटून पडतात. परिणामी खपली मिसळीची होते. बाहेर टायटॅनियमच्या ऑक्साइडाचे भराभर वाढणारे दाणे, आत दोहोंची खिचडी. सलग भिंत कुठेच उभी राहत नाही. शिवाय आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजन अधिक असतो. तोही टायटॅनियमशी संयोग पावून मध्ये लुडबुड करतो आणि ॲल्युमिनियमची भिंत पुरी होऊ देत नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये बरा टिकणारा हा धातू साध्या हवेत लवकर खराब होतो, हे पाहून संशोधक चकित झाले होते. साडेसातशे-आठशे अंशांच्या पुढे ही खपली वेगाने जाड होऊन सुटू लागते.

यावर दोन वाटा निघाल्या. पहिली वाट मिश्रधातूची, म्हणजे खपली स्वतःच सुधारण्याची. नायोबियम नावाचा धातू थोडा मिसळला की खपलीची वाढ बरीच मंदावते. एक स्पष्टीकरण असे की नायोबियमचे अणू टायटॅनियमच्या ऑक्साइडातल्या रिकाम्या जागा कमी करतात आणि ऑक्सिजनची वाट अडते. १९८० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत एक मिश्रधातू तयार झाला: शंभर अणूंपैकी ४८ ॲल्युमिनियमचे, २ क्रोमियमचे, २ नायोबियमचे, बाकी टायटॅनियम. क्रोमियम थोडा लवचीकपणा देते, नायोबियम खपली सांभाळते. स्वयंपाकातल्या मिठासारखे हे दोन-दोन अणू सगळी चव बदलून गेले.

दुसरी वाट ऐकून मला आपला कल्हईवाला आठवतो. १९९० च्या दशकात जपान आणि जर्मनीतल्या संशोधकांना आढळले की या धातूच्या पृष्ठभागावर अगदी थोडे क्लोरिन किंवा फ्लोरिन असले तर खपलीचा स्वभावच पालटतो. तापल्यावर हे द्रव्य खालच्या ॲल्युमिनियमला वेचून पकडते, वायुरूपाने वर आणते आणि वर ऑक्सिजन भेटताच ॲल्युमिनियम तिथे ठेवून पुन्हा मोकळे होते. हमालाने एक खेप टाकून दुसरीसाठी परतावे, तसे. टायटॅनियम मागे राहते आणि वर ॲल्युमिनियम ऑक्साइडाची सलग भिंत उभी राहते. मात्रा मात्र नेमकी हवी. जास्त झाली तर हेच द्रव्य धातू खाऊ लागते. नवसागरातल्या क्लोरिनने तांब्यावरचा थर काढणे आणि फ्लोरिनने ॲल्युमिनियमची भिंत उभारणे, ही कामे एक नव्हेत. पण चिमूटभर क्षार तापल्या धातूच्या अंगावर टाकला की तिथला सारा कारभार बदलतो, ही जाण दोन्हीकडे आहे.

या कथेत भारताचाही वाटा आहे आणि तो आपल्या शेजारच्या हैदराबादचा आहे. तिथल्या संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेत दीपंकर बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि नायोबियम यांच्या मिश्रणांवर काम करत होते. १९८८ साली त्यांनी जाहीर केले की नायोबियम पुरेसे वाढवले तर अणूंची एक अगदी नवी, तोवर कुणी न पाहिलेली रचना तयार होते. तिच्या स्फटिकाच्या आकारावरून तिला 'ओ' हे नाव मिळाले. या रचनेवर आधारलेल्या मिश्रधातूंचा अभ्यास पुढे जगभर झाला आणि अजून होतो आहे. धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात भारतीय प्रयोगशाळेतून गेलेली ही नोंद आपल्याकडच्या फारच थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, याची मला खंत वाटते.

१९९३ साली जनरल इलेक्ट्रिकने टायटॅनियम ॲल्युमिनाइडची पाती एका मोठ्या इंजिनात बसवून जमिनीवर चालवून पाहिली. मग त्यांच्या जीईएनएक्स या नव्या इंजिनात, कमी दाबाच्या टर्बाइनच्या सात टप्प्यांपैकी शेवटच्या दोन टप्प्यांत ती कायमची बसली. शेवटच्या दोनच का? कारण वायू तिथे पोहोचेपर्यंत निवलेला असतो. पुढच्या टप्प्यांतली आग या धातूची खपली सोसू शकत नाही. म्हणजे धातू कुठवर जाणार याची सीमा त्याच्या केसाहून पातळ खपलीने आखून दिली. एअर इंडियाच्या ताफ्यात सप्टेंबर २०१२ मध्ये बोइंग ७८७ विमाने येऊ लागली ती हीच इंजिने घेऊन. आणि या विमानांच्या देखभालीचे केंद्र २०१५ साली उभे राहिले ते आपल्या विदर्भात, नागपूरच्या मिहानमध्ये.

मात्र कथा इथे गोड होऊन संपत नाही. प्रॅट अँड व्हिटनीच्या एका नव्या इंजिनातही याच कुळातल्या धातूची पाती होती. २०१९ च्या सुमारास ही पाती तुटण्याचे प्रकार घडले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इंडिगोला आपल्या ए-३२० निओ विमानांवरची अशी इंजिने ३१ जानेवारी २०२० पर्यंत बदलण्याचा आदेश दिला. पुढे मुदत वाढवावी लागली. इथे दोष खपलीचा नव्हता. एखादा तुकडा येऊन आदळला तर तो आघात सोसण्यात ही पाती कमी पडत होती. सुधारित इंजिनांत त्या जागी आघात अधिक सोसणारी पाती आली. खपली सांभाळली तरी अंगाचा ठिसूळपणा विसरून चालत नाही, हा धडा मुंबई-नागपूरच्या प्रवाशांनाही उड्डाणे रद्द होऊन भोगावा लागला.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचे? शंभर वर्षांपूर्वी आपला कापूस शकुंतलेतून मँचेस्टरला गेला आणि कापड होऊन परत आला. कापूस आपला होता, सूत काढणारे यंत्रही त्यांचे आणि कापूस वाहणारे इंजिनही त्यांचेच. टायटॅनियमची गोष्ट बराच काळ तशीच होती. भारताच्या किनाऱ्यांवर इल्मेनाइटचे प्रचंड साठे. पण वाळू बाहेर जाई आणि धातू बाहेरून येई. क्रोल यांच्या रीतीने निघणाऱ्या कच्च्या टायटॅनियमला स्पंज म्हणतात. त्याचा पहिला व्यापारी कारखाना केरळात चवरा येथे सुरू झाला तो २०११ साली, हैदराबादच्या त्याच प्रयोगशाळेच्या तंत्राने आणि अवकाश संशोधन संस्थेच्या आर्थिक आधाराने. त्याची क्षमता वर्षाला पाचशे टन. जगाच्या मानाने ती छोटी आहे, पण वाळूपासून धातूपर्यंतची वाट आता देशातच आहे. धातूपासून आगीत टिकणाऱ्या पात्यापर्यंतची वाट अजून लांब आहे.

ती वाट खाणीतून जात नाही. जमिनीत काय आहे याने देश श्रीमंत होत असता तर वऱ्हाडचा कापूस पिकवणारा शेतकरी कधीच सावकाराच्या दारात उभा राहिला नसता. मोल येते ते त्या शेवटच्या पातळ थराच्या ज्ञानाने: कोणता अणू किती मिसळायचा, कुठल्या क्षाराची किती चिमूट, किती अंशांपर्यंत जायचे आणि कुठे थांबायचे. १९५६ ते २०१२ हा काळ पाहा. छप्पन वर्षे कुणीतरी धातूचा तुकडा भट्टीत ठेवत होते, बाहेर काढून वजन करत होते, खपली मोजत होते आणि पुन्हा भट्टीत ठेवत होते. हे काम दिसायला फार साधे आहे. एक भट्टी, एक नाजूक तराजू, एक वही. दर्यापूर, अकोला, अमरावतीच्या महाविद्यालयांतल्या मुला-मुलींना ते आजही करता येईल. लोखंडाचा, तांब्याचा, ॲल्युमिनियमचा एकेक तुकडा घ्यावा, तापवावा, तोलावा आणि तासागणिक आकडे लिहावेत. चार तासांत दुप्पट, नऊ तासांत तिप्पट हा नियम कुठे जुळतो आणि कुठे मोडतो, हे त्यांनी स्वतःच्या वहीत पाहावे. जिथे आकडा मोडलेला दिसेल, तिथून त्यांनी पुढचा प्रश्न विचारावा.